डबीत भरलेले मास्तर

“हा पाण्यातसुद्धा चालतो,” विक्रेता म्हणाला. “पोहता पोहता गाणी ऐकता येतात.”

“पोहताना माणसानं पोहावं,” मास्तर म्हणाले. “दुसरा दाखवा.”

विक्रेता काही नवशिका नव्हता. केस विरळ झालेला, पडशानं नाक चोंदलेला संसारी गृहस्थ होता बिचारा, आणि सकाळपासून उभा होता. त्यानं हातातला निळा प्लेअर काचेच्या कपाटात परत ठेवला आणि काळा काढला. हा काडेपेटीपेक्षा जेमतेम मोठा, आणि त्याला एकही बटण नव्हतं. नुसती काच. बोट फिरवलं की गाणं बदलतं म्हणे. मास्तरांनी बोट फिरवलं. काही झालं नाही. बोट विजारीला पुसून त्यांनी पुन्हा फिरवलं, तेव्हा आतून कोणीतरी दाढ उपटत असल्यासारखं किंचाळायला लागलं.

“हे गाणं आहे?” मास्तरांनी विचारलं.

“सध्या सगळीकडे हेच वाजतंय, काका.”

“वाजू दे. याचा ठेका दोन्ही पायांनी लंगडा आहे.”

“हा पावलंही मोजतो. दिवसभरात किती चाललात ते सांगतो.”

“मी विचारलं नसताना?”

मास्तरांच्या बायकोनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “घर ते वर्ग आणि वर्ग ते घर,” ती विक्रेत्याला म्हणाली. “मधे चहाचं दुकान. त्याला यंत्र कशाला लागतंय? तुम्ही आपले बटणवाले काढा हो. आणि यांच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका, हे सगळ्यांशीच असं बोलतात.”

हे मात्र खरं होतं. मास्तर एका नृत्यवर्गात पियानो वाजवायचे, आणि पियानो न वाजवणाऱ्या सगळ्या जगाला तुच्छ लेखायचे. वाजवणाऱ्यांना तर जास्तच. रेडिओवर वादन लागलं की यांचं नाक आधी वर जायचं आणि मग आवाज कमी व्हायचा. कानात बोंडं घालून रस्त्यानं चालणारी माणसं दिसली की ते थांबून त्यांच्या पावलांकडे बघायचे आणि म्हणायचे, “बघ, कानात एक चाललंय आणि पायात दुसरंच.” त्यांच्या मते जगात लय असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यातली बरीचशी मरून गेली होती. उरलेल्यांत कोण कोण येतं हे ते कधी सांगत नसत, पण ऐकणाऱ्याला ते बरोबर कळायचं.

आता इतक्या थोर कानाचा माणूस स्वस्तातला प्लेअर घ्यायला का आला होता, तर नाचाच्या बाईंनी पाठवला म्हणून. बाईंचा वर्ग एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर भरायचा. वार्षिक कार्यक्रम यंदा नव्या सभागृहात होता, आणि त्या सभागृहात पियानो नव्हता. तिसऱ्या मजल्यावरचा उतरवून न्यायचा तर भिंतच पाडावी लागली असती. गेल्या वर्षी एका नाचाला बाईंनी फोनवर संगीत लावलं होतं. ऐन रंगात कुणीतरी कर्ज हवंय का म्हणून विचारायला फोन केला, आणि चिमुरड्या मुली फोनच्या घंटीवर चार पावलं नाचल्या. टाळ्या पडल्या, ते सोडा. पण बाईंनी फोनचं नाव टाकलं. “एक छोटासा प्लेअर आणा, मास्तर,” त्या म्हणाल्या. “फार महाग नको. ज्यात आवाज भरून घेता येतो असा. तुमचं वाजवणं त्यात भरू. तुम्हाला आवाजातलं कळतं, तुम्हीच निवडा.”

मास्तर “बरं” म्हणाले होते. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती घडी घालायची थांबली.

“म्हणजे तुम्हाला काढायला निघाल्यात,” ती म्हणाली, “आणि तुमच्या जागी कोण बसणार ते आणायला तुम्हालाच बाजारात धाडलंय.”

“एका कार्यक्रमापुरतं आहे ते.”

“हो. मग डबी काय कपाटात ठेवून देणार? डबीला पगार नको, चहा नको, आणि ती कुणाच्या आईला तोंडावर बेताल म्हणत नाही.”

मास्तरांना हे कळलं नव्हतं असं नाही. पण बाईमाणसानं आधी ओळखलं याचा त्यांना राग आला. ते ताडकन म्हणाले की यंत्रावर त्या मुली नाचूच शकत नाहीत, आणि तो कार्यक्रम नुसता पडू दे, मग बाईंनाच कळेल.

या बोलण्याला आधार होता. बाईंनी मागे वर्गात एकदोनदा बाहेरचं संगीत लावून पाहिलं होतं. नाच तोच, चालही तीच, मोठ्या नावाजलेल्या वादकाची. मुली मोठ्या गिरकीपाशी आल्या आणि एकमेकींवर आदळल्या. एकीच्या ओठाला खोक पडली. मास्तर स्टुलावर हाताची घडी घालून बसले होते. सगळं शांत झाल्यावर ते म्हणाले होते, “यंत्राला डोळे नसतात, बाई. मी मुलींचे पाय बघून वाजवतो.” पियानो भिंतीला टेकवलेला होता आणि मास्तर आयुष्यभर त्या भिंतीकडे तोंड करूनच वाजवत आले होते, पण ही गोष्ट त्या वेळी कुणी काढली नाही. ते म्हणायचे, मला पाठीला डोळे आहेत.

तर स्टूल टिकायचं की जायचं, हे असं त्या डबीवर येऊन ठेपलं होतं. घरी बसायची कल्पनाच मास्तरांना सोसत नसे. मोठा वादक व्हायचं राहून गेलं ते गेलंच. एका हॉटेलच्या दिवाणखान्यात काही दिवस वाजवलं, तिथे लोक चमच्यांचा आवाज करत जेवायचे. मग हा वर्ग मिळाला. इथे निदान कुणीतरी त्यांच्या वाजवण्यावर पाय उचलत होतं. ते स्टूल गेलं की मग कुणाला नावं ठेवायची आणि कुठे बसून, हा प्रश्नच होता.

विक्रेत्यानं बटणवाले दोन प्लेअर काचेवर ठेवले. दोन्ही बाईंनी सांगितलेल्या किमतीत बसणारे. एक पिवळा, एक करडा. मास्तरांनी दोन्हींवर भरून घ्यायचं बटण दाबायला लावलं आणि काचेवर टिचकीनं ठेका वाजवला. शेजारी हेडफोन बघणारी एक मुलगी थांबून बघायला लागली. मग त्यांनी भरलेलं ऐकलं. पिवळ्यातनं आवाज आला तो रिकामा डबा बडवल्यासारखा. करड्यातनं मात्र काच काचेसारखीच वाजली.

बायकोनं त्यांना बाहीला धरून बाजूला घेतलं. “पिवळा घ्या.”

“त्यातून पत्र्याचा आवाज येतोय.”

“म्हणूनच म्हणतेय. पत्र्याचा आवाज आला की बाई दुसऱ्या दिवशी उचलून फेकतील, आणि तुम्ही स्टुलावर कायम. जरा डोकं वापरा की.”

बायकोचं डोकं नेहमीच चांगलं चालायचं. मास्तर पिवळ्या प्लेअरकडे बघत राहिले. सभागृह भरलेलं, मुलींच्या आया नटून बसलेल्या, आणि यांचं वाजवणं पत्र्यातून येतंय. कोणी तरी म्हणणार, हे का ते मास्तर? एवढ्यासाठी का इतका ताठा?

“करडा द्या,” ते विक्रेत्याला म्हणाले.

“करा तुम्हाला काय करायचं ते,” बायको म्हणाली. “घरी बसलात की माझ्या स्वैपाकात लय शोधत बसू नका म्हणजे झालं.”

विक्रेत्यानं शिंकून पावती दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग सुटल्यावर बाईंनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, आणि करडा प्लेअर पियानोवर ठेवला. त्या मास्तरांपेक्षा वयानं लहान होत्या, पण वर्ग त्यांचा, म्हणून बोलण्यात एक प्रकारचं मालकिणीचं सबुरीचं वजन असायचं.

“मास्तर, नेहमीसारखंच वाजवा हं,” त्या म्हणाल्या. “काही सुधारायला जाऊ नका. अगदी रोजच्यासारखं.”

मास्तरांना ही दादच वाटली. त्यांनी बाह्या मागे सारल्या आणि भिंतीकडे बघत सगळा नाच वाजवून काढला. मोठ्या गिरकीपाशी सूर खालून वर धावत जातात आणि शेवटी टोकाला एक ठोका पडतो, तो ठोका त्यांनी असा काही दिला की खिडकीची काच थरथरली. बाईंनी बटण बंद केलं आणि विचारलं, “ऐकून बघायचं?”

“वाजवणाऱ्याला कळतं कसं झालंय ते,” मास्तर म्हणाले. “ऐकावं लागतं ते इतरांना.”

आणि दुसऱ्या दिवशी तालीम लागली. पियानोचं झाकण बंद होतं. बाईंनी प्लेअर मोठ्या स्पीकरला जोडला आणि मास्तरांना आयांच्या बाकाशेजारी एक खुर्ची दिली. मास्तरांनी ती बाकापासून जरा लांब सरकवली. आयांशी त्यांचं पटत नसे. त्यांची एकेकीच्या मुलीबद्दलची मतं आयांना माहीत होती. त्यातल्या त्यात एका मुलीवर तर त्यांचा दातच होता. वर्गातली सगळ्यात नवी, काटकुळी, गुडघ्यांवर कायम खरचटलेलं. पाठीला डोळे असलेल्या मास्तरांना पावलांच्या आवाजावरून कळायचं की ही पोरगी सगळ्यांच्या आधी निघते. त्यांनी तिचं नाव आगगाडी ठेवलं होतं, आणि “आगगाडी सुटली बघा,” असं ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणायचे. बाकीच्या मुली फिदीफिदी हसायच्या. हिला लय नाही, हिला काढा, असं त्यांनी बाईंच्या कानी किती वेळा घातलं असेल.

बाईंनी बटण दाबलं. संगीत सुरू झालं, मुलींनी पावलं टाकली. मास्तर पाय हलवत ऐकू लागले. त्यांचा उजवा पाय नेहमीच ठेका धरायचा, झोपेतसुद्धा, अशी बायकोची तक्रार होती. आवाज चांगला आला होता. करडा घेतला ते बरं केलं, असं त्यांना वाटलं, आणि त्याच क्षणी असंही वाटलं की आपण मूर्ख आहोत.

मोठी गिरकी आली. सगळ्या मुली एकदम गरकन फिरल्या, चवड्यांवर उभ्या राहिल्या, हात वर. आणि थांबल्या.

स्पीकरमधून सूर वर चढत होते. एकेक पायरीवर टेकत, दम खात. मुली चवड्यांवर उभ्या होत्या, पोटऱ्या थरथरत होत्या, डोळे स्पीकरकडे. मग टोकाचा ठोका पडला आणि सगळ्यांच्या टाचा एकदम खाली आल्या. फक्त आगगाडीच्या टाचा आधीच टेकल्या होत्या. ती एक पाऊल पुढे निघून गेली होती, इतरांकडे बघून गोंधळली, आणि लाल होऊन परत जागेवर आली.

“किती गोड थांबतात ना तिथे,” एक आई दुसरीला म्हणाली.

मास्तर उठून उभे राहिले. “डबी बिघडलीय,” ते म्हणाले. “मधेच रेंगाळतेय. पुन्हा लावा.”

बाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा लावलं. मास्तर या वेळी बसले नाहीत. मुलींकडे न बघता त्यांनी खाली आपल्या पायाकडे बघितलं. गिरकी आली. त्यांचा पाय पडला आणि त्याच वेळी आगगाडीची टाच लाकडी जमिनीवर वाजली. त्या दोघांनंतर, चांगलं थांबून, मास्तरांचे स्वतःचे हात स्पीकरमधून येऊन पोचले.

यात डबीचा काही दोष नव्हता. मास्तरांना हे एका क्षणात कळलं, कारण कान खरोखरच चांगला होता, फक्त तो आजवर दुसऱ्यांसाठी वापरला होता. त्यांना लाज वाटली. अंगावरचे कपडे कुणी भर रस्त्यात ओढून घ्यावेत तशी वाटली. त्यांनी एका मोठ्या मुलीला बोलावलं.

“तिथे का थांबता गं तुम्ही?”

“तिथे थांबायचं असतं, मास्तर.”

“कुणी सांगितलं?”

“आधीच्या ताईंनी. त्यांना त्यांच्या आधीच्या ताईंनी.”

“पण कशासाठी?”

ती बाईंकडे बघायला लागली. तिच्यामागे उभ्या असलेल्या एका छोटीनं, कुणी उत्तर देत नाही म्हणून मदत केल्यासारखं, सांगून टाकलं, “मास्तरांसाठी.”

बाई म्हणाल्या, “जा गं, पाणी पिऊन या सगळ्या.” मुली पळाल्या. आयांना एकाएकी आपापल्या पिशव्यांत काही तरी शोधायचं आठवलं.

मास्तर खुर्चीवर टेकले. बाई त्यांच्यासमोर खिडकीच्या कट्ट्याला टेकून उभ्या राहिल्या.

“कधीपासून?” मास्तरांनी विचारलं.

“तुमची करंगळी दुखायला लागली ना, तेव्हापासून वाढलं. थोडं आधीही होतं.”

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“कोण सांगणार, मास्तर?” बाईंचा आवाज चढला नाही, पण सबुरी संपली होती. “तुम्ही कुणाचं ऐकता? एकदा म्हटलं होतं मी, तिथे जरा उशीर होतोय का. तुम्ही मला म्हणालात, बाई, तुम्ही पायाकडे बघा, कान माझ्यावर सोडा. सोडला. मुलींनी सांभाळून घेतलं. दिसायला वाईट दिसत नाही ते. लोकांना वाटतं मुद्दाम बसवलंय.”

“बाहेरचं संगीत लावलं की आदळतात त्या म्हणूनच.”

“मग दुसरं काय? त्यांना तुमचीच सवय. दुसऱ्या कुणाच्या वाजवण्यावर नाचताच येत नाही त्यांना. म्हणून तर म्हटलं, तुमचंच भरू, आणि रोजच्यासारखंच भरू. आणि काळजी करू नका. कार्यक्रम झाला की तुमचं स्टूल तुम्हाला आहेच. या मुलींना तुमच्याशिवाय गत्यंतर नाही. ती आगगाडी तेवढी बसत नाही यात. तुम्ही म्हणतच होतात. तिच्या आईला मी आज सांगणार आहे, यंदा नको म्हणून.”

हवं होतं ते सगळं मास्तरांच्या पदरात पडलं होतं. त्यासाठी काही करायचंही नव्हतं. नुसतं गप्प बसायचं, आणि स्टूल, वर्ग, मधला चहा, सगळं होतं तसं चालू. डबी कपाटात गेली असती. मास्तर भिंतीकडे तोंड करून वाजवत राहिले असते आणि पाठीमागे मुली चवड्यांवर उभ्या राहून त्यांची वाट बघत राहिल्या असत्या. एक ताई दुसरीला शिकवून जाईल, तिथे थांबायचं असतं. म्हातारं माणूस आहे.

लय नसलेल्या माणसाचा मास्तरांना जन्मभर तिटकारा होता. तो आता दुसऱ्या कुणावर ढकलता येईना. गप्प बसायची कलाही त्यांना कधी जमली नव्हती.

“पुन्हा भरायचं,” ते म्हणाले.

“मास्तर, अहो, कशाला?”

“चुकीचं आहे म्हणून. आणि ती पोरगी बरोबर आहे. एवढ्या घोळक्यात ती एकटीच बरोबर आहे, आणि तुम्ही तिला काढताय. कान आहेत का तुम्हाला?”

बाई हसल्या नाहीत. “मग मला सगळ्या मुली नव्यानं बसवाव्या लागतील.”

“बसवा. दिवस आहेत अजून.”

“आणि एकदा त्या नीट लयीत नाचायला लागल्या, की मग कशावरही नाचतील. डबीवर, फोनवर, कुणाच्याही वाजवण्यावर. हे लक्षात येतंय ना तुमच्या?”

“मला कळतं ते,” मास्तर म्हणाले. “तुमच्याआधी माझ्या बायकोला कळलंय. झाकण उघडा.”

मुली पाणी पिऊन परत आल्या तेव्हा मास्तर पियानोपाशी होते. त्यांनी स्टूल तिरकं केलं होतं, भिंत एका बाजूला आणि वर्ग एका बाजूला. “ए, इकडे ये गं,” त्यांनी त्या काटकुळ्या मुलीला बोलावलं. ती आईकडे बघत बघत आली. आता सगळ्यांसमोर काही तरी ऐकायला लागणार या तयारीनं तिनं खांदे वर घेतले होते.

“इथे उभी राहा. मी वाजवतो, तू टाळी दे. ठेक्याला.”

“मी?”

“तूच. आणि जोरात. उंदीर चालल्यासारखी नको.”

तिनं टाळी धरली. पहिल्या काही टाळ्या भिऊन वाजल्या, मग नीट पडायला लागल्या. मास्तर वाजवू लागले. टाळी कशी सरळ होती, कुठे वाकत नव्हती, आणि याचाही त्यांना थोडा रागच आला. कुठून आणतात ही पोरं, कुणी न शिकवता? गिरकी आली. सूर वर चढायला लागले, करंगळी अडली, आणि टाळी पुढे निघून गेली.

“पुन्हा,” मास्तर म्हणाले.

दुसऱ्या वेळी त्यांनी जोर लावला. कपाळावर घाम आला. तरी टाळी आधी पडली आणि ठोका मागून आला. बाकावर कुणी हालत नव्हतं. बाई प्लेअर हातात धरून उभ्या होत्या, बटणावर अंगठा ठेवून, पण तो दाबत नव्हत्या.

तिसऱ्या वेळी गिरकीच्या अलीकडे टाळीचा वेग कमी झाला. पोरीनं मास्तरांच्या बोटांकडे बघितलं होतं. हात हवेत धरून ती थांबली, ठोका पडेपर्यंत थांबली, आणि मग त्याच्याबरोबर टाळी मारली.

मास्तरांनी हात उचलले. “का थांबलीस?”

तिनं हात पाठीमागे नेले.

“बघ इकडे. माझ्यासाठी थांबायचं नाही. अजिबात नाही. मी पडलो तरी तू आपली जा पुढे. कळलं?”

“हो.”

“काय कळलं?”

“पुढे जायचं.”

मास्तरांनी रुमालानं बोटं पुसली. मग वाजवायला न लागता ते त्या चढत्या सुरांच्या पट्ट्यांवर बोट न टेकवता नुसतं वरून फिरवत राहिले, एकदा, पुन्हा एकदा. चढणीच्या मध्यावर दोन सूर होते, करंगळीला ताणून घ्यावे लागणारे. तरुणपणी ते इतके मोत्यासारखे पडायचे की हॉटेलातल्या एका माणसानं चमचा खाली ठेवला होता. एकदाच. मास्तरांनी ते दोन सूर जाऊ दिले आणि चढण करंगळी सोडून उरलेल्या बोटांनी करून बघितली. हात मोकळा वर गेला.

“आता टाळी नको,” ते त्या मुलीला म्हणाले. “आवाज आत जाईल. नुसती मान हलव, मी तुझ्याकडे बघतो. भरा, बाई.”

बाईंनी बटण दाबलं. मुलगी मान हलवू लागली, ओठ घट्ट मिटून, तोंडानं ठेका येऊ नये म्हणून. मास्तर तिच्याकडे बघत वाजवू लागले. मागे मुली आपापल्या जागी उभ्या होत्या आणि टाचा उचलून मनातल्या मनात पावलं मोजत होत्या. गिरकी आली. दोन सूर गळाले, कुणाला कळलं नाही, आणि मास्तर तिच्याबरोबर पोचले.